हॅलोविनचे कोळी: ऑक्टोबरभराच्या नोंदी

५ ऑक्टोबर

३१ तारखेच्या हॅलोविनसाठी हॉल आणि जिना सजवायचं काम यंदा पूर्णपणे मुलांकडे. वयं पाच ते अकरा, म्हणजे कात्री नीट धरणारी आणि न धरणारी असे दोन्ही पक्ष आहेत. भोपळे, वटवाघळं, सांगाडे, भुतं अशी नावं फळ्यावर लिहून झाली आणि सर्वांत जास्त हात वर झाले ते कोळ्याला. मला बरंच वाटलं. भोपळा कोरायचा म्हणजे सुरी मोठ्यांच्या हातात आणि मुलं नुसती बघत उभी. कोळी पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांच्याच हातून होतो.

आधी प्रत्येकाने मनातला कोळी कागदावर काढायचा, एवढंच आजचं काम. जवळजवळ सगळ्यांनी एक काळा गोळा काढला आणि सूर्याला किरण काढावेत तसे त्याला चारही बाजूंनी पाय काढले. कुणाचे सहा, कुणाचे दहा, एकाचे अकरा. तयार मिळणारे प्लास्टिकचे कोळीही बरेचसे याच जातीचे असतात: फुगलेलं पोट आणि पोटालाच चिकटवलेले पाय. माझा त्यांच्यावर जुना राग आहे. कागद गोळा करून ठेवले. टीका केली नाही, पुढच्या वेळी भिंग आणायला मात्र सांगितलं.

८ ऑक्टोबर

जिन्याखालच्या कोपऱ्यात एक लांब काटकुळ्या पायांचा कोळी उलटा लटकलेला असतोच. त्याला हात न लावता, जाळं न तोडता, टॉर्च आणि भिंग घेऊन सगळ्यांनी आळीपाळीने पाहिलं.

‘‘मावशी, याच्या मागच्या भागाला एकही पाय नाहीये!’’

हेच दिसायला हवं होतं. कोळ्याच्या शरीराचे भाग दोन. पुढे डोकं आणि छाती एकत्र असलेलं शिरोवक्ष, मागे पोट, मध्ये अगदी बारीक कंबर. आठही पाय पुढच्या भागातून निघतात, चार जोड्यांत. पोटाच्या टोकाला रेशीम सोडणाऱ्या तनित्रा असतात. कीटकाचे भाग तीन आणि पाय सहा, त्यामुळे कोळी कीटकांत बसतच नाही. शिंगासारख्या मिशा नाहीत, पंख नाहीत.

एकीने ठामपणे सांगितलं की पाय दहा आहेत. ती चुकली नव्हती, तिने जास्त बारकाईने पाहिलं होतं. तोंडाच्या दोन्ही बाजूंना चाचपायला वापरायचे दोन आखूड अवयव असतात, ते पायांसारखेच दिसतात. आपल्या कोळ्यांनाही ते लावायचे, असं तिथल्या तिथे ठरलं.

जगात किती प्रकारचे कोळी असतील यावर पैजा लागल्या. सर्वांत मोठा आकडा ‘पाचशे’ होता. शास्त्रज्ञांच्या जागतिक यादीने २०२२ मध्ये ५०,००० जातींचा टप्पा ओलांडला, हे सांगितल्यावर मिनिटभर कुणी बोललं नाही. या मुलांच्या बाबतीत ही असाधारण घटना आहे.

११ ऑक्टोबर

गोंड्यांचा दिवस. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, मध्ये भोक, त्यांवर काळी लोकर गुंडाळायची, कडेने कापायची, दोन चकत्यांच्या मधून दोरा घालून करकचून बांधायचं. पोटासाठी ६ सेंटिमीटरची चकती आणि शिरोवक्षासाठी ४ सेंटिमीटरची. लोकर कमी गुंडाळली की गोंडा विरळ होतो. पाच वर्षांच्यांचा धीर निम्म्यावर सुटतो, तेव्हा चकती मोठ्या मुलाकडे सरकवायची आणि लहानाला कात्रीने गोंडा गोल छाटायला द्यायचा. छाटायला सगळ्यांनाच आवडतं, जमीन लोकरीने भरते.

दोन गोंडे बांधलेल्या दोऱ्यांच्या टोकांनीच एकमेकांना जोडले. मध्ये किंचित फट राहू दिली, तीच कंबर.

पायांना पाईप क्लीनर, म्हणजे मऊ लव असलेली वाकणारी तार. एका कोळ्याला चार, मधोमध एकत्र पिळून घेतले की आठ टोकं मिळतात. पिळलेला भाग लहान गोंड्याच्या खाली, मोठ्याच्या नाही. हे वाक्य आज मी इतक्यांदा म्हटलं की शेवटी मुलंच एकमेकांना ओरडून सांगायला लागली. पाईप क्लीनर साधारण ३० सेंटिमीटर लांब असतो. लाओसमधल्या राक्षसी हंट्समन कोळ्याचे पाय पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढेच भरतात, आणि त्या कोळ्याची शास्त्रीय नोंद २००१ मध्ये झाली. एक पाईप क्लीनर सरळ करून तळहातावर ठेवला. नंतर प्रत्येकाने तो स्वतःच्या चेहऱ्यावर ठेवून पाहिला, हे मी सुचवलं नव्हतं.

पाय वाकवण्यात खरी गंमत आहे. पहिल्या खेपेस सगळ्यांनी टोकं आत, पोटाखाली वळवली आणि टेबलावर मेलेल्या कोळ्यांची रांग लागली. दिसायला मेलेले का, याचं उत्तर कोळ्याच्या पायातच आहे. पाय दुमडायला स्नायू असतात, पण मुख्य सांधे सरळ करायला स्नायू नसतात. कोळी शरीरातला द्रव दाबाने पायात ढकलतो आणि त्या दाबाने पाय ताणला जातो. मेला की दाब जातो, दुमडणारे स्नायू तेवढे उरतात आणि पाय आत आकसतात. म्हणून जिवंत कोळी हवा असेल तर पाय आधी शरीरातून वर न्यायचा, गुडघा शरीरापेक्षा उंच, तिथून खाली आणि टोक जरासं बाहेर. हे करून पाहिलं आणि तेच गोंडे टेबलावर उठून उभे राहिले. एकाने आपला कोळी हळूच माझ्या वहीवर सरकवला.

दिशाही महत्त्वाच्या. पायांच्या पहिल्या दोन जोड्या पुढे, चौथी मागे, तिसरी बाजूला. जाळं विणणाऱ्या गोल जाळ्याच्या कोळ्यांत ही तिसरी जोडी सर्वांत आखूड असते, म्हणून तिथला पाईप क्लीनर थोडा कापला. या एका गोष्टीने कोळी खेळण्यातला वाटेनासा होतो.

१२ ऑक्टोबर

पाईप क्लीनरच्या टोकाची तार बोचते. प्रत्येक टोक अर्धा सेंटिमीटर मागे दुमडून घेतलं. शिवाय पाऊल तयार झालं.

१५ ऑक्टोबर

आज फक्त धाकट्यांचा गट. पंजाचे ठसे. दोन्ही तळहातांना धुऊन जाणारा काळा रंग, अंगठे आत मुडपलेले, तळवे एकमेकांवर येतील असे ठसे. चार आणि चार, आठ. वाळल्यावर मागच्या बाजूला पोट बोटाने रंगवायचं. पाय सगळे एकाच भागातून येतात, त्यामुळे ठशाचा कोळी शरीररचनेत आपोआप बरोबर येतो. जिन्याच्या खालच्या भिंतीवर हे कागद लावायचे, त्यांच्याच उंचीवर. रंगात हात बुडवलेल्या मुलांना नळापर्यंत नेताना दारं आधी उघडून ठेवावीत.

१८ ऑक्टोबर

जाळं. मोठ्या मुलांचं काम, आणि या महिन्यातलं माझं सर्वांत आवडतं.

चौकटीला जुना हुला हूप घेतला. आरे सुतळीचे, फेरे पांढऱ्या लोकरीचे. मुलांना वाटत होतं की केंद्रातून सुरुवात करून गोल गोल बाहेर जायचं. कोळी तसं करत नाही. तो आधी वाऱ्यावर एक धागा सोडतो, तो पलीकडे कुठेतरी अडकला की पूल तयार होतो. मग त्या पुलाच्या मध्यावरून खाली उतरून धागा ताणतो, त्याचा इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार होतो आणि जिथे तीन धागे भेटतात तिथे जाळ्याचा मध्य येतो. बाकीचे आरे त्यानंतर.

आम्हीही तेच केलं: आडवी सुतळी, तिच्या मध्याला दुसरी, खाली ओढून बांधलेली. मध्य हूपच्या बरोबर मधोमध येऊ दिला नाही, थोडा वर ठेवला. उभ्या जाळ्यात खालचा भाग मोठा असतो, कारण कोळी वर चढण्यापेक्षा खाली लवकर धावतो. एकूण बारा आरे. पाठीवर क्रॉससारखी खूण असलेल्या, युरोपातल्या बागांतल्या क्रॉस कोळ्याच्या जाळ्यात ते साधारण २५ ते ३० असतात, पण तेवढ्या गाठी मारायला लागलं असतं तर गट पळून गेला असता. बांधताना समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने घ्यायच्या. एकाच बाजूचे आरे आधी बांधले तर मध्य तिकडे ओढला जातो.

यानंतरचा भाग सांगितला तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. कोळी फेरे दोनदा घालतो. पहिल्यांदा मध्यापासून बाहेर, विरळ, कोरड्या धाग्याचे. ते इमारतीभोवती बांधलेल्या परांचीच्या बांबूंसारखे, म्हणजे काम होईपर्यंतच. त्यांच्यामुळे आरे जागचे हलत नाहीत आणि पाय ठेवायला जागा मिळते. मग तो बाहेरून आत येत चिकट धाग्याचे दाट फेरे घालतो आणि येताना जुने तोडत येतो. आम्ही पहिले फेरे लाल दोऱ्याने घातले, मग पांढऱ्या लोकरीने बाहेरून आत निघालो. लाल दोरा कापायचं काम ज्याला मिळालं तो दिवसभर ऐटीत होता. लोकर प्रत्येक आऱ्याला एक वेढा देऊन पुढे न्यायची, गाठ मारत बसायचं नाही. ताण सैल पडला तर शेवटी लक्षात येतं आणि तेव्हा उपाय नसतो.

चमकीच्या गोंदाचे थेंब फक्त पांढऱ्या फेऱ्यांवर टाकले, सुतळीवर नाहीत. खऱ्या जाळ्यातही चिकट थेंब फेऱ्यांवरच असतात, आरे कोरडे. कोळी स्वतःच्याच जाळ्यात सहसा अडकत नाही, त्यामागे हेही एक कारण. दुरून पाहिलं तर थेंबांमुळे जाळं ओलं वाटतं. चमकी सगळीकडे शिंपडली असती तर हा परिणाम मिळाला नसता.

जाळं सुकेपर्यंत स्कायलॅबची गोष्ट सांगितली. १९७३ मध्ये अमेरिकेच्या या अंतराळस्थानकात क्रॉस कोळ्याच्या दोन माद्या नेल्या होत्या, नावं अराबेला आणि अनिता. कल्पना एका शाळकरी मुलीची. वजनरहित अवस्थेत अराबेलाचं पहिलं जाळं गबाळं झालं, पण सरावाने तिने चांगलं जाळं विणलं. ‘‘मग तिचं डोकं कुठल्या बाजूला होतं? तिथे वर-खाली नसतंच ना?’’ प्रश्न नऊ वर्षांच्या मुलाचा. यावर बराच वेळ चर्चा रंगली.

१९ ऑक्टोबर

कागदी जाळी, खिडक्यांसाठी. चौरस कागदाला मध्याभोवती चारदा घडी घातली की निमुळता त्रिकोण होतो. एका घडीच्या कडेवरून वाकडे पट्टे कापत जायचं आणि दुसऱ्या कडेशी बारीक पट्टी शाबूत ठेवायची. उघडल्यावर आठ आरे मिळतात. तीनच घड्या घातल्या तर चार, आणि चार आऱ्यांचं जाळं खिडकीच्या गजासारखं दिसतं. साध्या कागदाचे सोळा थर मुलांच्या कात्रीने कापले जात नाहीत, पतंगाचा पातळ कागद लागतो. ज्यांनी दोन्ही कडा कापल्या त्यांच्या हातात सुट्या चकत्या राहिल्या. त्यांची साखळी करून जिन्याच्या कठड्याला लावली, वाया काही गेलं नाही.

२२ ऑक्टोबर

गटात एक सात वर्षांची मुलगी आहे, तिला कोळ्याची भीती वाटते. थट्टेची नाही, खरी: चित्र समोर आलं तरी खुर्ची मागे घेते. ‘‘हसरा कोळी करू या’’ असं कुणीतरी सुचवलं, ते मला पटलं नाही. दात काढून हसणारा कोळी घाबरलेल्या मुलाला आणखी विचित्र वाटू शकतो. तिला कोळी करायला लावायचाच नाही, असं ठरवलं. तिने जाळ्यांवर काम केलं, मग कापसाचे गोळे दोऱ्याने गुंडाळून अंड्यांच्या पिशव्या केल्या. त्या इतक्या सुबक झाल्या की बाकीची मुलं मागायला आली.

त्यातून लांडगा कोळ्याचा विषय निघाला. ही मादी अंड्यांची पिशवी तनित्रांना चिकटवून बरोबर नेते आणि पिल्लं बाहेर आली की आईच्या पाठीवर चढून काही दिवस तिथेच राहतात. एका गोंड्याच्या पोटावर बारीक काळे मणी शिवले, शंभराच्या आसपास. शिवणारी तीच. मणी म्हणजे कोळी नव्हेत, असा तिचा युक्तिवाद होता आणि मी तो मान्य केला. तीन वर्षांखालची भावंडं हॉलमध्ये येतात, म्हणून मणी आणि प्लास्टिकचे हलते डोळे त्यांचा हात पोचणार नाही अशा उंचीवरच लावायचे.

२५ ऑक्टोबर

डोळे. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, पण मांडणी कुळागणिक बदलते. उडी मारणाऱ्या कोळ्याचे समोरचे दोन भले मोठे. लांडगा कोळ्याचे खाली चार बारीक, त्यावर दोन मोठे, आणखी वर व मागे दोन मध्यम. मुलांना दोन्ही मांडण्या काढून दाखवल्या. हलते डोळे फक्त उडी मारणाऱ्याला दिले, त्याला ते शोभतात.

लांडगा कोळ्याच्या डोळ्यांमागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे रात्री टॉर्च मारला की ते चमकतात. यावरून सुचलेली युक्ती या वर्षीची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक: सायकलला लावतात ती प्रकाश परतवणारी चिकटपट्टी, पंचने पाडलेल्या टिकल्या, काळ्या पुठ्ठ्यावर ४-२-२ अशा. दिवे लावलेल्या खोलीत काहीच विशेष दिसत नाही. अंधारात टॉर्च स्वतःच्या डोळ्यांजवळ धरून पाहायचं. ही पट्टी प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवते, म्हणून टॉर्च कमरेशी धरला तर फसतं. मुलांनी दिवे घालवले, टॉर्च कपाळाला लावले आणि किंचाळून घेतलं.

२६ ऑक्टोबर

कुणीतरी ताणून पसरायच्या खोट्या कोळिष्टकाची पाकिटं आणून दिली, बाहेरच्या झुडपांसाठी. ती बाहेर लावायची नाहीत. बारीक कृत्रिम तंतूंचं ते जाळं असतं, त्यात छोटे पक्षी, मधमाश्या, फुलपाखरं अडकतात आणि सुटता सुटत नाही. वन्यजीव वाचवणाऱ्या संस्था दर हॅलोविनला हे सांगत असतात. बाहेर हवंच असेल तर जाड दोरीचं, मोठ्या फटींचं, नजरेला भरणारं. आमचं हुला हूपचं जाळंसुद्धा दाराच्या आतच राहील. पाकिटं आतल्या कपाटावर वापरली, दिव्यांपासून लांब.

‘‘हॅलोविनला कोळीच का?’’ हा प्रश्न आज एकदाचा आला. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस, त्याची आदली रात्र म्हणजे हॅलोविन. त्यात आयर्लंड-स्कॉटलंडमधला साविन हा सुगी संपून काळोखाचे महिने सुरू होण्याचा जुना सण मिसळला आहे. त्या भागात क्रॉस कोळ्याच्या माद्या उन्हाळ्याच्या अखेरीस पूर्ण वाढतात आणि शरदात बागेत जिकडेतिकडे त्यांची जाळी दिसतात. माझ्या मते पडक्या घरातल्या जळमटांइतकाच हा ऋतूचाही भाग असावा. मुलांना पडकं घर जास्त पटलं.

३० ऑक्टोबर

टांगणी. ग्लू गन माझ्याकडे. कमी तापमानाची असली तरी तिचं टोक शंभर अंशांच्या वर जातं, मुलांनी फक्त जागा दाखवायची. बाकी बारीक दोरा आणि चिकटपट्टी.

जाळ्यातला कोळी डोकं खाली करून बसवला. गोल जाळ्याचे बहुतेक कोळी तसेच बसतात. पाहुण्यांपैकी कुणीतरी ‘उलटा लागलाय’ म्हणणार, आणि मुलं त्याचीच वाट पाहत आहेत. जिन्यातले कोळी वेगवेगळ्या उंचीवर, एकही मोठ्यांच्या डोक्याच्या उंचीवर नाही. चेहऱ्याला लोकर लागली की माणूस हात मारतो आणि काम तुटतं.

मेणबत्ती कुठेही नाही, लोकर आणि कागद क्षणात पेटतात. बॅटरीचे दिवे घेतले, पण त्यांतली नाण्यासारखी चपटी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका भाजते. म्हणून बॅटरीच्या झाकणाला स्क्रू आहे असेच दिवे ठेवले, बाकीचे परत केले.

पुठ्ठ्याचे कोळी भिंतीवर सावली पाडायला. दिव्याजवळ नेले की सावली मोठी, भिंतीजवळ नेले की छोटी आणि रेखीव. मोबाईलचा टॉर्च मोठ्या दिव्यापेक्षा धारदार सावली देतो.

३१ ऑक्टोबर

‘उलटा लागलाय’ हे पहिल्या काही मिनिटांतच कुणीतरी म्हणालं. उत्तर द्यायला चार मुलं एकदम धावली, त्यातली एक खुर्ची मागे घेणारी होती. ती त्यांच्यामागे, जाळ्यापासून हातभर अंतर राखून उभी राहिली आणि तिथूनच बोलली.

चमकत्या डोळ्यांचा कोपरा गाजला. सावल्यांचे कोळी फारसे कुणी पाहिले नाहीत, हॉलमध्ये उजेड जास्त होता.

२ नोव्हेंबर

उतरवणी. गोंड्यांचे कोळी पाय न दाबता उभ्या खोक्यात ठेवले, एकावर एक नाही. कागदी जाळी जाड पुस्तकात. हूपची लोकर सोडवत बसलो नाही, जाळं तसंच भिंतीमागे उभं केलं. खोट्या कोळिष्टकाचा गोळा कचऱ्यात, पिशवी घट्ट बांधून. बॅटऱ्या दिव्यांतून काढून वेगळ्या डबीत.

जायच्या आधी ५ तारखेची चित्रं परत दिली. काहींनी त्यांवरच दुरुस्ती केली, काहींनी नवा कागद मागितला. अकरा पायांचं चित्र काढणाऱ्याने ते बदलायला नकार दिला, ‘‘हा दुसऱ्या ग्रहावरचा आहे.’’ त्याचेही सगळे पाय पुढच्या भागाला मात्र त्याने हलवून घेतले.

पुढच्या वर्षासाठी हव्यात: आणखी एक हूप, जाड सुतळी, प्रकाश परतवणारी पट्टी दुप्पट. उडी मारणाऱ्या कोळ्याला लोकरीऐवजी मखमली कापड वापरून पाहायचं आहे.